ब्रेकचं तेल

पहिला दगड मागच्या काचेवर बसला तेव्हा गाडीत चार-पाच बायका, त्यांची बाजाराची गाठोडी आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती. काच आधी सगळीकडून तडकून पांढरी झाली आणि मग खडीसाखरेसारखी बायकांच्या पदरात सांडली. बायका ओरडत उतरल्या. मी उतरलो नाही, स्टेअरिंग धरून बसून राहिलो.

रणजित कणसे माझ्या दारापाशी आला. चोविशीतलं दांडगं पोर, हातात उसाचं टिपरं धरावं तसा लोखंडी पाइप धरलेला.

"फौजी, फाट्यावर गाडी लावायची न्हाई म्हणून सांगितलं हुतं का न्हाई?"

"फाट्यावर कुठं लावलीय? चिंचेखाली लावलीय. चिंच काय तुझ्या बापानं लावली?"

तोंड आवरणं मला कधी जमलं नाही. पाइप आधी आरशावर बसला, मग माझ्या खांद्यावर.

त्याचा बाप म्हणजे रंगराव कणसे, सगळ्या पठाराचा तात्या. घोणस घाटाच्या माथ्यावर आमचा फाटा. वरच्या वाड्यांतली माणसं इथून वडापच्या जीपमध्ये कोंबून खाली कराडच्या बाजारात जात. त्या सगळ्या जीपांची मिळून एक लाइन होती आणि तिचा म्होरक्या तात्या. ज्याचा नंबर त्याची जीप आधी भरायची, ती भरल्याशिवाय दुसरीत कोणी पाय ठेवायचा नाही, असा नियम.

हा नियम माझ्या गाडीनं मोडला. मी सैन्यात ड्रायव्हर होतो. तिथली जोंगा आणि वनटन, दोन्ही मूळच्या निसानच्या, आणि लडाखच्या थंडीत त्यांनी मला कधी दगा दिला नाही. तेव्हापासून जपानी गाडीवर माझा जीव. सुटून घरी आलो तेव्हा लोक म्हणाले, जीप घे. मी टोयोटाची क्वालिस घेतली. माझं नाव मारुती यादव, त्यामुळं 'मारुतीनं टोयोटा घेतली' ही थट्टा वर्षभर पुरली. दिसायला ती चार चाकांवरचं कपाट होती हे मलाही मान्य होतं. पण एकदा आत बसलेली म्हातारी पुन्हा जीपकडं वळून बघायची नाही. कंबर दुखत नाही, डिझेलचा वास येत नाही, उलटी होत नाही. नंबरची जीप रिकामी ठेवून बायका चिंचेखाली माझी वाट बघत बसू लागल्या.

मला लाइनीत घ्या, मी नंबरानं चालतो, असं मी तात्याला दोनदा जाऊन सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुझा नंबर लागला की म्होरची आन् मागची, दोनी जीपा उपाशी. कसं घिऊ तुला?" त्याचं खोटं नव्हतं. पण मी तरी गाडी घरापुढं उभी करून तिला हळदीकुंकू वाहत बसणार होतो का?

दुसरा फटका येण्याआधी मी सीटखालून चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि दार ढकलून बाहेर आलो. पुढं खंडू होता, तात्याची जीप चालवणारा, बैलासारख्या मानेचा. मला धरायला त्यानं हात पसरले आणि मी टॉमी सरळ त्याच्या तोंडावर मारली. दोन दात पडले. रक्त थुंकत तो खाली बसला आणि मला मनापासून बरं वाटलं. मग चारी बाजूंनी माणसं आली. कोणाची लाथ, कोणाचा पाइप, काही कळेना. पडताना मी दाराच्या चौकटीला डावा हात घट्ट धरला होता. रणजितनं तो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि सगळा जोर लावून दार आपटलं.

बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुखायला थोडं नंतर लागलं. तेव्हा मी कसा ओरडलो असेन ते माझं मलाच माहीत नाही, पण बाजाराला निघालेली माणसं आपापली तोंडं फिरवून उभी राहिली होती, एवढं दिसलं.

"बास," तात्या म्हणाला. तो इतका वेळ पानाच्या टपरीपाशी उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला पटका, वय पन्नाशीच्या पुढं. "माणसाला मारून काय मिळायचं? झगडा गाडीचा हाय. मोरीच्या वळणावरनं लोटून द्या खाली. म्हंजे त्योबी मोकळा, आपुनबी मोकळं."

"माझ्यासकट लोटा," मी म्हणालो आणि रांगत गाडीत शिरलो. मधल्या सीटवर पडलो आणि एका हातानं पुढची सीट धरली. "काय व्हायचं ते हुंदे. मी उतरत न्हाई."

"उतरवायचा न्हाईच," रणजित म्हणाला. "बघू दे की डोळ्यांनी."

तात्या स्वतः स्टेअरिंगवर बसला. रणजित त्याच्या डाव्या हाताला. खंडू तोंडाला टॉवेल लावून माझ्याशेजारी आला आणि त्यानं माझा मोडका हातच मांडीखाली दाबून ठेवला. मी हललो की तो नुसता जरा सरकून बसायचा, तेवढं पुरायचं.

फाट्यापासून घाटाच्या तोंडापर्यंत सपाट रस्ता आहे. त्या रस्त्यावर मी तात्याला बघत होतो. आधी त्यानं गिअर जीपचा टाकतात तसा दणकून टाकला. दुसऱ्यांदा हलक्या हातानं टाकला. मग पाय क्लचवर ठेवून उगाचच पुन्हा एकदा टाकून बघितला. स्टेअरिंग एका बोटानं थोडं इकडं, थोडं तिकडं. मागं फुटकी काच, बाजूला कण्हणारा माणूस, आणि हा बाबा पहिल्यांदा सायकल मिळाल्यासारखा गाडी चालवत होता.

"गोड हाय रं गाडी," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे.

"तात्या, म्होरं बघा," रणजित म्हणाला.

"म्हंतो काय, लोटायची कशाला? ठिवून घिऊ. लाइनीच्या नावानं चालवू."

"सगळ्यांम्होरं बोललाय तुमी. आता मागं सरायचं न्हाई. उद्या कोण आपलं ऐकंल?"

तात्यानं गिअर पुन्हा हलक्या हातानं टाकून बघितला. माझ्या मनात आशा आली हे कबूल करतो. बोटं मोडली तर मोडली, गाडी वाचेल असं वाटलं. ती त्याच्या ताब्यात जाईल हेही चालेल असं वाटलं. नुसती राहू दे, पुन्हा कधी तरी तिला सोडवून आणू, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात उतार लागला, आणि तात्याचा हात चावीकडं गेला.

हे ज्यांनी जुनं वडाप बघितलं नाही त्यांना सांगावं लागेल. घाट उतरताना इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला सोडायची आणि वजनावर खाली न्यायची, ही आमच्याकडची रीतच होती. डिझेल वाचायचं. जुन्या जीपला त्यानं काही बिघडत नाही. तिचं स्टेअरिंग हातानंच ओढायचं आणि ब्रेक पायाच्या जोरावर, तीन-चार वेळा दाबून दाबून लावायचा. यात तात्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माथ्यावर बंद केलेली जीप तो थेट खालच्या नाक्यावर चालू करायचा आणि मधली सगळी वळणं नुसत्या हातावर काढायचा. बायका लेकरांना दाखवायच्या, बघ, तात्यानं गाडी बंद केली. ती शांतता अंगावर आली की माणसं सुपारी कातरायला घेत.

क्वालिस तशी गाडी नव्हती. तिचं हलकं स्टेअरिंग आणि मऊ ब्रेक, सगळं इंजिनाच्या जिवावर. इंजिन बंद केलं की ब्रेकची ताकद दोन-तीन दाबांत संपते आणि पुढं पेडल दगड होतं. कुठलीही नवी गाडी घ्या, असंच असतं. तिच्याबरोबर आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलंही होतं. पण तात्यानं गाडीचं पुस्तक कधी बघितलं असेल?

त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

"तात्या, चालू करा," मी ओरडलो. "ही बंद करून न्यायची गाडी न्हाई. ब्रेक जाईल. चालू करा आधी."

रणजित वळला आणि त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली. ओठ दातांत गेला.

"तीस वरसं ह्यो घाट उतरतोय मी," तात्या आरशात बघून म्हणाला. "आन् तू मला गाडी शिकीवतोस व्हय रं?"

"शिकवत न्हाई, तात्या. पाया पडतो. चावी फिरवा."

पहिल्या वळणाला त्यानं सवयीनं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी थोडी धरली. त्यानं पुन्हा दाबला. त्या वेळी त्याचा गुडघा वर आला आणि पेडल तिथंच राहिलं, खाली जाईना. वळण त्यानं काढलं, पण दोन्ही हातांनी, अंग टाकून. मानेची शीर तटतटून आली होती. गाडीनं आता वेग घेतला होता. तो गिअर टाकायला गेला तर नुसतं करकरलं, बसेना.

"तात्या, त्यो म्हंतोय ते करा," रणजित म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "चावी फिरवा, तात्या."

"गप बस."

"आवं तात्या..." त्यानं स्वतःच हात लांब करून चावी धरली. मला त्याची बोटं चावीवर दिसली. अजून सरळ रस्ता होता. फिरवली असती तर इंजिन लागलं असतं आणि ब्रेकही परत आला असता.

"हात काढ," तात्या ओरडला आणि फाडकन त्याच्या मनगटावर मारलं. रणजितचा हात उडून काचेवर आपटला. तो लहान पोरासारखा बापाकडं बघत राहिला. मग मोरीचं वळण आलं.

डावीकडचा कठडा लागला तो आवाज, आणि मग डोकं खाली, पाय वर, पुन्हा डोकं खाली. काचा. माती. खंडूचं सगळं वजन माझ्यावर, मग नाही. गाडी दरीत गेली नाही. कठड्यावरून उलटून ती डाव्या कुशीवर घसरत गेली आणि मोरीच्या दगडी भिंतीला जाऊन अडकली. माझ्या तोंडात माती आणि रक्त होतं, आणि आश्चर्य म्हणजे मी जिवंत होतो.

मागच्या फुटक्या काचेतून मी बाहेर आलो. खंडू रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता. तात्याही बाहेर पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला, पण तो बसल्या जागी रणजितला ओढत होता. पोराचं छातीपासून खालचं अंग गाडीखाली होतं. मी एका हातानं, तो दोन्ही हातांनी, असं आम्ही त्याला ओढलं. तो सुटला. सुटला तेव्हा मला कळलं की ओढायची गरज नव्हती. छाती आत गेली होती. डोळे उघडे होते. मनगटावर तात्याच्या फटक्याची लाली अजून तशीच दिसत होती.

तात्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडला नाही. त्यानं पोराच्या तोंडातली माती बोटानं काढली. मग ते मनगट धरून बघत बसला.

"फौजी," तो म्हणाला. "तू फौजेतला माणूस हाईस. खोटं बोलू नगंस. काय झालं?"

मी त्या मनगटाकडं बघितलं.

"त्यानं चावीला हात घातला हुता. म्या मारला. फिरीवली आसती तर?"

माझ्या जिभेवर आलं होतं. हे लपवण्यात काही अर्थ नाही. माझी बोटं मोडलेली, ओठ फाटलेला, माझी गाडी भिंतीला चिकटून तेल गाळत पडलेली. ती तिथं पडली होती ती त्याच्या घमेंडीमुळं. मी पाया पडतो म्हणालो होतो. त्याला सांगावं, तूच मारलास, दोनदा मारलास, एकदा इंजिन बंद करून आणि एकदा हात झटकून. ते ऐकून त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं मला.

तात्यानं रणजितचं डोकं हळूच खाली ठेवलं. पटका सोडून त्याच्या छातीवर पांघरला. मग दोन्ही हातांवर जोर देऊन, मोडका पाय फरफटत, तो कठडा तुटला होता त्या जागेकडं सरकू लागला. खाली दरी होती. घाई नव्हती त्याला. घरात या खोलीतून त्या खोलीत जावं तसा चालला होता.

"तात्या," मी म्हणालो.

तो सरकतच होता.

"तात्या, चावीचा काय संबंध न्हाई. ब्रेकात तेलच न्हवतं."

तो थांबला.

"सकाळी बघितलं हुतं मी. गळत हुतं. बाजाराचा दिवस, म्हटलं एक खेप मारू, मग भरू. ब्रेक तसाबी लागणारच न्हवता. चालू आसती तरी न्हाई, बंद आसती तरी न्हाई."

"मग तू चालू करा, चालू करा म्हणत हुतास त्ये?"

"घाबरलो हुतो. तेलाचं सांगितलं तर तुमी तिथंच मारलं असतं मला."

हे माझ्या तोंडून इतकं सरळ कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. सैन्यात आणि बाहेर, गाडी तपासल्याशिवाय मी कधी चाक हलवलं नव्हतं. तो एकच माझा अभिमान होता.

तात्या वळला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता उडी मारत नाही. तो माझ्यावर आला. मोडक्या पायानं कसा आला देव जाणे, पण आला आणि त्यानं माझा गळा धरला. त्याचे अंगठे माझ्या नरड्यात रुतले. "माजं पोरगं," तो म्हणत होता. "एका खेपंसाठी. माजं पोरगं खाल्लंस." डोळ्यांपुढं अंधारी आली. मी काही साधू नाही. मी त्याच्या मोडक्या पायावर लाथ मारली, तो किंचाळून सुटला, आणि पुन्हा हाताला लागलेला दगड घेऊन आला. खंडूनं मधे पडून त्याला मागून मिठी मारली. खालून जीप येईपर्यंत तो त्याला तसाच धरून बसला होता.

पुढं पोलीस, जबाब, सगळं झालं. मी तेच सांगितलं. ब्रेकचा पाइप तुटून तेल मोरीत वाहून गेलं होतं, त्यामुळं तपासणाऱ्यालाही दुसरं काही सांगता येईना. मारहाणीची तक्रार मी केली नाही, हलगर्जीपणाचा खटला मात्र माझ्यावर चालला. खंडू दवाखान्यात एकदा माझ्या खाटेपाशी आला. दात पडल्यामुळं तो बोबडा बोलत होता.

"तेल हुतं की," तो म्हणाला. "सकाळी तू बॉनेट उघडून भरत हुतास. मी टपरीवरनं बघितलं."

"मग सांग जाऊन."

त्यानं माझ्या बांधलेल्या हाताकडं बघितलं. "न्हाई," म्हणाला आणि गेला. त्याचे दात पाडले याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

माझ्या गाडीत पुन्हा कोणी बसलं नाही, कारण पुन्हा मी गाडी घेतली नाही. घेतली असती तरी ज्याच्या आळसानं पोर मेलं त्याच्यामागं कोण बसेल? आता लोक क्वालिसचं नाव काढलं की हळवे होतात. कंपनीनं ती बंद केली तेव्हा किती वाईट वाटलं ते सांगतात, लाखो किलोमीटर चालवल्याचे फोटो दाखवतात. मी ऐकून घेतो. मी दूध संघाचा टेंपो चालवला, डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती तरी चालवला. बाजारात तात्या दिसला की कुबडीवर थांबून, चार माणसांत, मला आईवरून शिव्या द्यायचा. सुलभा, माझी बायको, तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "आता तरी सांगा त्याला. किती ऐकायचं?" कित्येकदा मी पायात चपला घालून सांगायला निघालोही. खोटं कशाला बोलू? मला त्याचा राग होता. तो मेल्यावरही गेलेला नाही.

मरायच्या आदल्या वर्षी तात्या माझ्या दारात आला. उन्हातून, एकटा, कुबडीवर. अंगात काही उरलं नव्हतं. मी खुर्ची दिली. सुलभानं पाणी दिलं ते त्यानं घेतलं, तेव्हा ती माझ्याकडं बघायला लागली.

"खंडू गेला," तात्या म्हणाला. "जायच्या आदी माज्याकडं आला हुता. मनात ठिवून मरवत न्हाई म्हणाला."

मी खाली बसलो.

"आता तू सांग. तेल हुतं का न्हवतं?"

आत सुलभा दारामागं उभी होती. सांगा, असं ती हातानं खुणावत होती. मी तात्याकडं बघितलं. दोन्ही हातांनी त्यानं कुबडी छातीशी धरली होती.

"न्हवतं," मी म्हणालो.

"खंडू खोटं बोलला?"

"त्येला काय दिसलं आसंल ते आसंल. गाडी माझी. तेल न्हवतं."

"पुन्यांदा म्हण."

"ब्रेकात तेल न्हवतं, तात्या. माझ्यामुळं गेला रणजित."

त्यानं डोळे मिटले. मग कुबडी उचलली आणि माझ्या खांद्यावर मारली. पुन्हा मारली. लागण्याएवढा जोर त्यात नव्हता. सुलभा धावत बाहेर आली तेव्हा तो थांबला होता आणि माझा डावा हात, ती दोन न वळणारी बोटं, आपल्या हातात घेऊन बसला होता.